अंगुस्तानाची अंगठी

लग्नाच्या आदल्या दिवशी ल्युसिंडा आजींनी होणाऱ्या नातसुनेच्या, डार्सीच्या, तळहातावर घराण्याची चांदीची अंगठी ठेवली आणि सगळ्या नातलगांसमोर ठरलेली कथा सुरू केली.

"साडेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या इप्सविच गावात धर्माची कडक शिस्त; अंगठी म्हणजे छानछोकी, म्हणजेच पाप. नवरीला मिळायचं ते शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. आमच्या घराण्यातल्या तेव्हाच्या सुनेनं, मेहिटेबलनं, ते घालून सात वर्षं घरादाराचे कपडे शिवले, मान म्हणून वर केली नाही. मगच त्याचं टोक कापून ही अंगठी केली. संसार असा सोसून करायचा असतो, पोरी. तुम्हा आजकालच्या मुलींना सगळं पहिल्याच दिवशी हवं!"

नातलगांनी माना डोलावल्या. समोर बसलेल्या सासूबाईंनी तर जरा जास्तच.

डार्सीचा धंदाच जुनी चांदी दुरुस्त करायचा. सवयीनं तिनं भिंग डोळ्याला लावलं, अंगठी खिडकीपाशी नेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि हसू दाबत आजींच्या कानाशी वाकली.

"आजी, सात वर्षं सोडा, हिच्यावर सुईचा एक ओरखडा नाही. बाईनं पहिल्याच दिवशी टोक उडवलंय!"

"हळू बोल," आजी पुटपुटल्या. "मला ते साठ वर्षांपूर्वीच दिसलं. उगाच का तुझ्या आजेसासऱ्यांनी जन्मभर आपली तुटलेली बटणं आपणच शिवली?"