शिकल्याची आठवण

परीक्षा तासाभराची होती. कुमुद पाटणकरांना समोर बसलेल्या जगदाळ्यांना त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका कॉम्प्युटरवर बनवायला शिकवायचं होतं. बाकी सगळ्यांच्या डोक्यात कानामागच्या चिपमधून कुठलंही सॉफ्टवेअर क्षणात उतरायचं, पण जगदाळ्यांच्या शरीराने ती चिप स्वीकारली नव्हती. अशा मोजक्या लोकांसाठी पुन्हा प्रशिक्षक नेमले जात होते. बावीस वर्षांपूर्वी चिप आल्यावर कराडचा कॉम्प्युटर क्लास बंद करावा लागलेल्या कुमुदताईंना प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मनापासून हवं होतं.

जगदाळ्यांकडून मुलीचं नावच पुसलं गेलं. कुमुदताई नुसत्या बघत राहिल्या. त्यांना क्लासमधल्या दुपारी आठवल्या. मुलं कीबोर्डवर एकेक अक्षर शोधायची आणि सापडलं की मान वर करून त्यांच्याकडे बघायची. जगदाळे बराच वेळ चाचपडले, मग नाव परत आणून तसेच वर बघून हसले.

"चूक लगेच का नाही दाखवलीत?" परीक्षक समीर दाभाडेने विचारलं.

"त्यांना सापडत होती."

तिशीतल्या समीरने प्रमाणपत्रावर सही केली, पण कागद हातातच ठेवला. "मॅडम, मला हे सगळं येतं. पण शिकल्याचं काहीच आठवत नाही."

"काय येत नाही तुम्हाला?"

तो विचारात पडला. "बाजाची पेटी. आजोबांची घरी पडून आहे. तिचं सॉफ्टवेअर कुणी बनवलंच नाही."

"मलाही येत नाही," कुमुदताई म्हणाल्या. "रविवारी घेऊन या. दोघं मिळून शिकू."