मला धरून नऊ

"काढ चष्मा," काका म्हणाले. "बस" म्हणाले नाहीत.

खासदाराने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. डावी दांडी सैल झाली होती, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. पण ते नुसतं निमित्त. खरं काम वेगळंच होतं आणि ते काढायला त्याला तोंड नव्हतं.

शाळेत फळ्यावरचं दिसेना तेव्हा याच दुकानात त्याला पहिला चष्मा लागला. साऱ्या गल्लीचे हे चष्मेकाका. गेल्या निवडणुकीत दुखरे गुडघे सांभाळत त्यांनी एकूण एक जिने चढून त्याच्यासाठी मतं मागितली होती. "आपल्यासारखाच ज्यू आहे म्हणून नका देऊ," ते आपल्या माणसांना दारादारात बजावायचे, "जुना आजार दाखवून कुणाला उपचार नाकारता येणार नाहीत, असा कायदा आणतोय म्हणून द्या." काकूंच्या किडन्या तेव्हाच बिघडल्या होत्या आणि विमा कंपनीने हात वर केले होते.

कायदा सभागृहात आला. पाठोपाठ पक्षाचा आदेशही आला, आणि खासदाराने शेपूट घातलं. "अभ्यासाला आणखी वेळ हवा," असं काहीतरी गुळमुळीत बोलून त्याने विरोधात मत दिलं होतं. ते वाक्य आठवलं की त्याला अजून स्वतःची लाज वाटायची.

"दुकान बरेच दिवस बंद होतं म्हणे."

"मुलीकडे गेलो होतो. परवा आलो."

काका मान खाली घालून बारीकसा स्क्रू चिमट्यात धरायला बघत होते. दाढी वाढली होती. एरवी हा माणूस गिऱ्हाईक यायच्या आत गुळगुळीत दाढी करून बसलेला असायचा. थकलेत काका, खासदाराला वाटलं.

"आणि काकू?"

"तिला तिकडेच ठेवलंय."

"बरं केलंत. मुलीजवळ जरा विश्रांती मिळेल."

"हं." काकांच्या हातून स्क्रू निसटला. त्यांनी तो काउंटरवर बोटाने चाचपडून शोधला. "तुझ्या बाबांचं कळलं. भला माणूस. शब्दाचा पक्का होता."

टोला नेमका बसला. खासदाराने तो गिळला. मंचावर तासन् तास बोलणाऱ्या माणसाला आता एकेक वाक्य जड जात होतं.

"त्यांच्यासाठी कद्दीश म्हणायचं असतं, काका. रोज संध्याकाळी सिनेगॉगमध्ये जातो आणि तसाच परत येतो."

गेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. आणि वस्तीतली तरणी मंडळी केव्हाच पांगली होती.

"मला धरून नऊ होतात," तो म्हणाला. "त्या मतदानानंतर तुम्ही तिथे पाऊल टाकलं नाहीत."

"एक कमी पडला की काय होतं ते मला नको सांगूस," काका शांतपणे म्हणाले. "सभागृहात आम्हालाही त्या दिवशी एकच कमी पडला होता."

बाहेर खासदाराच्या गाडीचा चालक घड्याळ बघत होता. काकांनी फ्रेम गरम हवेवर धरली, दांडी किंचित वाकवली, चष्मा खासदाराच्या डोळ्यांवर चढवून कानामागे बोट फिरवलं. राग होता, पण हात पूर्वीसारखाच हळुवार होता. त्याला एकदम रडू येईलसं वाटलं.

"येईन," काका म्हणाले. "तो कायदा परत मांडणार असशील तर."

"पक्ष मला..."

"पक्षाचं तू बघ."

"मांडतो," तो म्हणाला. "काकूंसाठी तरी मांडतो."

"तिचं राहू दे. कायदा काय एकट्याच्या बायकोसाठी करतात? आणि इथे मला नको सांगूस. मंचावरच्या शब्दाने एकदा तोंडाला पानं पुसून झालीत माझ्या. आज त्या दहा जणांपुढे सांग."

मानी माणूस, खासदाराच्या मनात आलं. बायको डायलिसिसच्या मशीनवर, आणि मागायचं ते दुसऱ्यांसाठी.

संध्याकाळी काका आले आणि कुणाशी न बोलता मागच्या बाकावर टेकले. सिनेगॉगच्या म्हाताऱ्या रखवालदाराचे डोळे लकाकले. माणसं सरळ मोजू नयेत म्हणून तो नेहमीसारखा "एक नाही, दोन नाही" करत बाकांमधून फिरला आणि "दहा नाही!" म्हणताना लहान पोरासारखा हसला.

खासदार पुढे झाला. त्याने भाषण केलं नाही. "पुढच्या अधिवेशनात तो कायदा मी स्वतः मांडणार," एवढंच म्हणाला. "पक्षाने काढलं तरी. मागच्या वेळी मी घाबरलो होतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्याला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं. अधिवेशन फार लांब नव्हतं. तेवढे दिवस मुलीकडे कसेबसे निघाले की काकूंना इथेच उपचार मिळतील, त्यांना घरी आणता येईल. आपल्या हातून एक तरी गोष्ट वेळेत होईल. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली.

प्रार्थना पुढे सरकली. शेवटी रखवालदाराने खूण केली, "कद्दीश. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांनीच उभं राहा."

खासदार उभा राहिला. घसा साफ करून त्याने पहिला शब्द उच्चारला, आणि त्याच शब्दावर मागून दुसरा आवाज आला. त्याने वळून पाहिलं.

मागच्या बाकाला धरून चष्मेकाका उभे होते.