सतरावा नारळ

डॉक्टरांनी ईसीजीची कागदी पट्टी टेबलावर पसरली. चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिली. खाटेवर धाऊ उशीला टेकून बसला होता. आडवं झालं की त्याचा दम कोंडायचा. पायथ्याशी त्याची बायको सकुबाई, मांडीवर पिशवी घेऊन.

"नाडी अठ्ठावीस. मागच्या महिन्यात सत्तर होती. मावशी, मीठ बंद आहे ना?"

"चिमूटभर नाय. पापड नाय, सुकट नाय. घरातच आणत नाय."

"मांजर पन गेली... घर सोडून," धाऊ म्हणाला. एवढं बोलताना दोनदा थांबला.

"गोळ्या?"

"येळच्या येळेला देते."

"आणि नारळपाणी वगैरे?"

सकुबाईचा हात पिशवीवर आला. आत दोन वाट्या होत्या. सकाळीच गावदेवीपुढं वाढवलेला नारळ, सतरावा. धाऊ बरा व्हावा म्हणून एकवीस दिवसांचा नवस, रोज एक. पाणी फुलपात्रात धरायचं आणि तीर्थ म्हणून आधी त्याला द्यायचं.

"त्यानं काय व्हतं?" तिनं हळूच विचारलं.

"हृदय थकून फुगलंय यांचं. आत करंट फिरतो तेव्हा ठोका पडतो, आणि त्याच्या वाटा आधीच खराब झाल्यात. मूत्रपिंडं मंद, त्यात या गोळ्या. अंगातला एक क्षार बाहेर पडत नाही. नारळपाण्यात तोच असतो. तो साचला की करंट वाटेतच अडतो. तुम्हाआम्हाला काही होत नाही. यांना होतं."

सकुबाईनं तोंड उघडलं. धाऊ आधी बोलला.

"मीच पितो, सायेब. हिला चोरून."

"रोज?"

"रोज. ग्वाड लागतं."

"बायको मिठाचा कण घालत नाही, आणि तुम्ही..." डॉक्टरांनी पुढचं गिळलं. इंजेक्शन दिलं. ठाण्याला हलवावं लागेल म्हणाले आणि गाडी बघायला बाहेर गेले.

गोड कुठलं? जून नारळाचं पाणी ते. रोज तोंड वाकडं करून प्यायचा आणि शेवटचा घोट तिच्याकडं बघत घ्यायचा.

"खोटं कशाला बोललात?"

"तुला बोलला असता तो." त्यानं डोळे मिटले. "चार ऱ्हायले ना गो?"

"गप ऱ्हावा."

"नुस्ते ठेव देवीपुढं. वाढवू नको."

त्याची मान उशीवर कलली.

सतराही नारळ तिनं स्वतः निवडले होते. एकेक कानाशी धरून, हलवून, आत पाणी वाजतंय का ते ऐकून. पिशवी तिनं खाली ठेवली. पदर सावरून वाकली आणि त्याच्या छातीला कान लावला.

एक ठोका आला.

श्वास धरून ती पुढच्याची वाट बघत राहिली.