चमच्यात उरलेलं पाणी

"आजोबा, आपलं आडनाव विनोकूरोव्ह. विनो म्हणजे दारू, ते ठीक. पण कूर म्हणजे धूर. दारू गाळणाऱ्याच्या नावात धूर कशाला?"

झोयाने वही उघडली. शहरात ती रशियन शब्दांची मुळं शिकत होती. म्हातारा येवसेय खुशीत आला. दारूबद्दल त्याला कुणी इतक्या मानाने विचारून वर्षं झाली होती.

"तुझ्या पुस्तकवाल्यांनी कधी भट्टी लावली नसेल. अगं, जाळ भडकला की दारू बिघडलीच. ओली लाकडं घालायची, नुसता धूर निघत राहिला पाहिजे. घाई केली की तळाशी धान्य करपतं आणि दारूत पाणी उतरतं. धूर सांभाळतो तो विनोकूर. लिही."

"तुमच्या हातून कधी बिघडली?"

"एकदाच." म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. त्याची लेक उस्तिन्या गोठ्यात गेली होती. "तुझ्या आत्याला मागणी घालायला नदीपलीकडचा तेरेंती संध्याकाळी यायचा होता. दुपारीच त्याची घसरगाडी गोठलेल्या नदीवर दिसली. दारू अजून उतरायची होती, म्हणून मी न्हाणीघरातल्या भट्टीत सुकी लाकडं कोंबली आणि फुंकत सुटलो. आत्याने मासळीचा पाव वाढला. पोरगी पसंत आहे, म्हणाला तेरेंती. मग ती रीतीप्रमाणे बाहेर गेली आणि त्याने दारू चमच्यात ओतून पेटवली. चांगली असली तर सगळी जळते. माझ्या चमच्यात अर्धं पाणी उरलं. 'ज्याला विस्तव सांभाळता येत नाही, त्याच्याशी सोयरीक नको,' म्हणाला. चमचा उपडा ठेवून निघून गेला."

"आणि आत्याला काय सांगितलंत?"

"काय सांगणार? माझीच लाज. तिला वाटलं, आपल्या गालावरच्या डागामुळे तो गेला. मी वाटू दिलं. वाईट केलं मी, झोया."

दारात बादली टेकली. उस्तिन्या उभी होती. डोक्याचा रुमाल नेहमीसारखा डाव्या गालावर ओढलेला. अडतीस वर्षं ती तो तसाच बांधत होती.

म्हातारा खाली बघत राहिला. तिने दूध गाळलं, मडकं झाकलं, हात पुसले. मग रुमालाची गाठ सोडली.

"झोया," ती म्हणाली, "तुझ्याकडे आरसा आहे का गं? आपल्या घरात नाही."