उजवी पाकळी

"उजवी पडली तर रोग पंख्यांचा. डावी पडली तर पंख्यांचा काही संबंध नाय. बोला, कबूल?" रामा मानकऱ्याने विचारलं आणि देवळात जमलेला सगळा गाव "कबूल!" म्हणाला.

सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, पवनचक्क्या फिरायला लागून वर्ष झालं होतं. गाव त्यांना पंखे म्हणे. कुणाचं डोकं ठणके, कुणाच्या कानात सारखी घूं घूं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासण्या झाल्याशिवाय नक्की काही सांगता येणार नाही. आता त्या तपासण्या कधी व्हायच्या? मग देवालाच विचारायचं ठरलं. देवाने पंख्यांवर बोट ठेवलं, की दुसऱ्याच दिवशी रस्ता अडवायचा आणि पंखे बंद पाडायचे.

कौल लावायचं काम आप्पा गुरवांचं. देवाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली आधी पडते ते बघायचं. चाळीस वर्षांत त्यांनी यात कधी लबाडी केली नव्हती. आज मात्र कौल त्यांच्याच घराचा होता. गावात सगळ्यात जास्त त्रास त्यांच्याच बायकोला, तुळसाला. घर पंख्याच्या अगदी पायाशी. बिचारी वर्षभर डोक्याला फडकं बांधून वावरत होती, तरी देवळाची झाडलोट तिने एक दिवस चुकवली नव्हती. आणि मुलगा विनोद, आठ वर्षं मुंबईत काढून, दोनच महिन्यांपूर्वी या पंख्यांवर वॉचमन म्हणून लागला होता. पंखे बंद झाले की विनोद पुन्हा मुंबईला. मागायचं तरी काय देवाकडे? आप्पांनी काहीच मागितलं नाही.

उजवी पाकळी लावताना बोट जरा चिकटलं. घामाने असेल, असं त्यांना वाटलं.

गाऱ्हाणं संपायच्या आत डावी पाकळी पडली. रामा उठला, गाव कुरकुरत पांगला. पोरगा राहिला म्हणून आप्पांना आनंद झाला. मग तुळसाचं डोकं आठवलं आणि त्या आनंदाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला अंघोळ घालताना उजवी पाकळी काही निघेना. तांब्यामागून तांबे ओतले, नखाने खरवडून पाहिलं. छे! आप्पा तसेच ओल्या पंचाने घरी आले. विनोद ड्युटीवर जायच्या आधी भाकरी खात बसला होता. तुळसा डोक्याचं फडकं आवळून त्याला वाढत होती.

"जुना ब्रश असला तर दे गो," आप्पा म्हणाले. कशाला, ते काही बोलले नाहीत.

तुळसाने ब्रश शोधलाच नाही. फळीवरची खोबरेलाची वाटी काढली, विनोदकडे एकदा पाहिलं आणि वाटी आप्पांच्या हातात देत हळूच म्हणाली,

"ब्रशाने नाय व्हायचं. फणसाचा चीक हाय तो."