बैलाच्या पोटावरचा अंगठा

फोटोवालीने सोन्याच्या मुखवट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हाच मामांच्या मनात पाल चुकचुकली. संग्रहालयात येणारा प्रत्येक माणूस आधी मुखवट्यापाशी थांबतो. ही बाई कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवून सरळ मातीच्या बैलाच्या कपाटाशी गेली आणि उकिडवी बसून खालून वर बघायला लागली.

"मामा, याच्या पोटाचा फोटो मिळेल ना?" तिने विचारलं.

"काचेतून दिसतो तेवढा घ्या," मामा म्हणाले.

फुटलेली भांडी आणि मूर्ती जोडायचं काम मामांचं, म्हणून सगळे त्यांना डिंकमामा म्हणत. येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. आणि नेमकं याच आठवड्यात संचालकबाईंनी या फोटोवालीला बोलावून घेतलं होतं. प्राचीन संस्कृतींवर मोठं पुस्तक निघणार होतं म्हणे.

बैल वीतभरही नव्हता, पण संग्रहालयाची सगळी मिजास त्याच्यावर. तीन हजार वर्षांपूर्वी कुणा कुंभाराने माती ओली असताना त्याच्या पोटावर अंगठा दाबला होता आणि तो ठसा तसाच राहिला होता. सहलीची पोरं काचेला नाक लावून तो शोधायची. मामा बैलाला कुणाला हात लावू देत नसत. मागे कपाटं बदलली तेव्हा तो त्यांनी एकट्याने हलवला, आणि त्या दिवशी घरी आले ते ताप घेऊनच. तेव्हापासून त्याच्यावरची धूळसुद्धा तेच पुसायचे. माझ्यावर एवढा जीव लावला असता तर, असं मामी येईल त्याला ऐकवायच्या.

आता जाता जाता या बैलावरून काही निघालं, तर जन्मभराची इज्जत मातीत जाणार होती. निरोप समारंभ राहिला बाजूला, लोक तोंडावर थुंकले असते. मामांना रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या हजेरीच्या मशीनवर त्यांनी सवयीने अंगठा टेकवला. मशीनने सवयीनेच "पुन्हा प्रयत्न करा" म्हटलं. लहानपणी पत्र्याने कापलेला अंगठा तो, मशीनच्या काही पचनी पडत नव्हता. शेवटी संचालकबाईंनीच त्यांना सहीची सवलत दिली होती. सारी दुनिया सहीवरून अंगठ्यावर आली, मामा तेवढे सहीवरच राहिले, अशी दारवानाने रोजची चेष्टा केली. फोटोवाली मागेच उभी होती. तीही हसली. मामांना ते मुळीच आवडलं नाही.

दिवसभर तिच्या चौकश्या चालूच होत्या. कपाटाची किल्ली कुणाकडे असते, बैल कधी बाहेर काढतात, त्याचा जुना, जवळून काढलेला फोटो कुठे मिळेल का. जुने फोटो सगळे लांबून काढलेले आणि धूसर आहेत, असं मामांनी सांगून टाकलं. मग तिने विचारलं, हा कधी दुरुस्त केला होता का?

"नाही," मामा म्हणाले.

जरा वेळाने ते मागून गेले, तर ती दचकली आणि कॅमेऱ्याचा पडदा तिने हाताने झाकला. चोराच्या मनात चांदणं, मामा मनाशी म्हणाले. घरी मामींनी त्यांचीच कानउघाडणी केली. राहिलेत ते दिवस डोळे मिटून काढा, नसत्या भानगडीत पडू नका. पण मामांना राहवेना. सकाळी ते थेट संचालकबाईंच्या खोलीत शिरले.

"मॅडम, या बाईला परत पाठवा. असली माणसं फोटोवरून हुबेहूब नक्कल करतात आणि अस्सल वस्तू बदलतात. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही."

संचालकबाईंना त्यांची काळजी मनापासून भावली. त्या म्हणाल्या, असं असेल तर कपाट तुम्हीच उघडा, बैल तुमच्याच हातात राहू दे, तिला बोटसुद्धा लावू देऊ नका. पोटाचा फोटो मात्र हवाच, कारण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच ठसा जाणार आहे. मामा आगीतून फुफाट्यात पडले.

त्यांनी बैल तळहातांवर उताणा धरला. फोटोवालीने दिवा अगदी खाली, कडेला लावला. माती जिवंत झाल्यासारखी उठून दिसायला लागली. मामा बैल सारखा दिव्यापासून वळवत होते. सावकाश, पडेल हं, असं ती दोनदा म्हणाली.

बैल कपाटात ठेवून, कुलूप लावून ते निघणार, एवढ्यात संचालकबाईंनी कौतुकाने त्यांना खोलीत बोलावलं. तुमच्यामुळे झालं हे, आता बघून तरी जा. मोठ्या पडद्यावर फोटो लागला होता. बैलाच्या पोटावरचा तो नखाएवढा ठसा तिथे ताटाएवढा दिसत होता.

"काय सुंदर आलाय! त्या कुंभाराची रेघन्‌रेघ दिसते," संचालकबाई म्हणाल्या.

फोटोवाली मात्र हसली नाही. तिने पडद्यावर बोट ठेवलं. अंगठ्याच्या गोल रेघा मधोमध एका तिरप्या चिरेने कापल्या होत्या.

"अंगठा कापला होता त्याचा. जखम भरली, पण रेघा पुन्हा जुळल्या नाहीत."

मामांनी हात खिशात घातला.

"बिचारा! बरं झालं, तेव्हा आपलं मशीन नव्हतं," संचालकबाई हसत म्हणाल्या. "नाहीतर त्याची हजेरीच..."

त्या मध्येच थांबल्या. पडद्याकडे बघितलं, मग मामांच्या खिशाकडे.

"मामा," त्या हळूच म्हणाल्या, "जरा अंगठा दाखवा."