आरतीचा कॉल

चतुर्थीला सुयोगला गावी जायला रजा मिळाली नाही, म्हणून आईने आरतीच्या वेळी कुडाळहून व्हिडिओ कॉल लावला. कंपनीची रिकामी गाडी घेऊन तो भरदुपारी पवईहून कांजूरमार्गला उतरत होता. फोन समोर स्टँडवर होता. “आये, गाडी चालवतंय, मगे करतंय,” तो म्हणाला. “आरती थांबतली काय तुझ्यासाठी? बघ तरी.” झांजा सुरू झाल्या, काकांनी कापूर पेटवला आणि पडद्यावर मूर्तीचा चेहरा उजळला. “देवाक हात जोड रे,” आई म्हणाली. लहानपणापासून हे शब्द ऐकले की त्याचे हात जुळायचे, डोळे मिटायचे. आताही तसंच झालं. मोदकांचं पीठ घेऊन रस्ता ओलांडणारी बाई त्याला दिसलीच नाही. काच पिठाने पांढरी झाली आणि गाडी डिव्हायडरला धडकून थांबली. लोक धावत आले. कुणीतरी त्या बाईची नाडी पाहिली आणि तिचाच पदर तिच्या तोंडावर ओढला. एकाने दार उघडून सुयोगची कॉलर धरली. “मोबाईल बघत गाडी चालवतोस?” सुयोगने हात जोडले. धडकेने स्टँडवर कलंडलेला फोन अजून चालूच होता. झांजांच्या गजरात गावाला बाकी काही ऐकू गेलं नव्हतं. आईला लेकाचे जोडलेले हात तेवढे दिसत होते. “पुरे झाला रे झिला, देवान बघल्यान,” ती मायेने म्हणाली. “आता गाडी सांबाळून चालव.”